तेलाची वाट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, धावडा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सुचवलं होतं, की तू आयटीमधली आहेस, तर मोबाइल किंवा एआय अशा एखाद्या विषयावर बोल. मी म्हटलं, ते तुमची मुलं तुम्हाला घरी रोज ऐकवतातच. मी मोटारसायकलच्या इंजिन ऑइलबद्दल बोलते. माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. आपल्या पिढीत असे पुष्कळ आहेत. नोकरीत नट-बोल्टाशी संबंध राहिला नाही, पण घरी आप्पांची जुनी बुलेट असल्यामुळे तो सुटलाही नाही.

विषय निवडण्याचं खरं कारण आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत तिथे एक नवीन हौस दिसते. कुणी वडिलांची बुलेट गोठ्यातून बाहेर काढतो, कुणी सासऱ्यांची राजदूत, कुणी नोकरी लागल्यावर घेतलेली पहिली सीडी हंड्रेड. मग रंग होतो, क्रोम होतो, नवी सीट येते, फोटो पडतात, आपण सगळे अंगठे दाखवतो. सहा महिन्यांनी त्याच गाडीचं इंजिन खोलल्याचा फोटो येतो. खर्च झालेला असतो वरच्या कातडीवर आणि दुखणं असतं रक्तात. शिवाय हल्ली जुन्या गाडीला बाहेरून ऑइल फिल्टर बसवून द्यायची टूम निघाली आहे. तो बसवावा का, बसवला तर कुठे, आणि त्याआधी काय करावं, एवढंच आज सांगणार आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी बैलगाडीच्या कण्याला वंगण घालताना पाहिलंय. वंगण घातलं नाही तर चाक करकरतं, आणि वंगणात वाळू गेली तर चाक करकरत नाही, पण कणा झिजतो. दुसरं संकट पहिल्यापेक्षा वाईट, कारण ते आवाज करत नाही. इंजिनाचंही तसंच आहे. ऑइल संपलं तर इंजिन लगेच जाम होतं आणि मालकाला कळतं. ऑइल घाण झालं तर इंजिन चालतच राहतं, फक्त आयुष्य अर्धं होतं.

आता ही घाण येते कुठून? तीन वाटांनी येते. पहिली बाहेरून, हवेबरोबर. साडेतीनशे सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर पूर्ण रेस दिली तर मिनिटाला जवळजवळ पाचशे लिटर हवा ओढतं. हिशेब सोपा आहे: दर दोन फेऱ्यांना एकदा साडेतीनशे मिलीलिटर. आणि हवा कुठली, तर मार्च-एप्रिलमधल्या आपल्या शिवाररस्त्यावरची, पुढे ट्रॅक्टर चाललेला आणि मागे फुफाटा. त्या धुळीत गारेचे कण असतात, आणि गार साध्या पोलादापेक्षा कठीण असते. दुसरी वाट आतली: पिस्टन, रिंग, गिअर यांची झीज होऊन सुटलेला धातूचा चुरा. तिसरी जळणाची: काजळी, न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ. गाडी रोज फक्त घर ते दुकान एवढीच चालवली तर इंजिन पुरतं तापत नाही, वाफ उडून जात नाही, आणि ऑइल दुधाळ होतं.

यातली पहिली आणि दुसरी घाण गाळता येते. पेट्रोल आणि पाणी कुठल्याही साध्या फिल्टरने गाळता येत नाही. त्यावर उपाय एकच, वेळेवर ऑइल बदलणं. म्हणजे जगातला सगळ्यात महाग फिल्टर बसवला तरी ऑइल बदलण्यातून सुटका नाही.

किती बारीक कण त्रास देतो, हे कळण्यासाठी एक माप लक्षात ठेवा. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. इंजिनात धातू आणि धातू यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो तो चालू इंजिनात काही ठिकाणी अवघा काही मायक्रॉनचा असतो. फार मोठा कण त्या फटीत शिरतच नाही. फार लहान कण थरातून अलगद निघून जातो. फटीएवढा कण मात्र दोन्ही बाजूंना घासत जातो. म्हणजे जो कण डोळ्याला दिसत नाही तोच इंजिन खातो. आणि जुन्या इंजिनातली तारेची जाळी ज्या कणांना अडवते ते त्याच्या कितीतरी पट मोठे असतात. जाळी पंपाचं रक्षण करते, बेअरिंगचं नाही.

आपल्या भागात जुन्या गाड्या म्हणजे मुख्यतः तीन घराणी. एकेकाची तेलाची वाट पाहू.

पहिलं घराणं राजदूत आणि येझदीचं. एस्कॉर्ट्सने १९६२ पासून बनवलेली राजदूत १७५ मुळात पोलंडमधल्या एका मोटारसायकलवरून घेतलेली, आणि येझदी मैसूरची, जावाची वंशज. दोन्ही टू-स्ट्रोक. यांत ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून जातं, काम करतं आणि जळून धुरावाटे निघून जातं. एकदा वापरलेलं ऑइल परत येत नाही, त्यामुळे गाळण्याचा प्रश्नच नाही. इथे जपायचं ते दोन गोष्टींना: हवेचा फिल्टर आणि ज्या कॅनमध्ये आपण पेट्रोल-ऑइल मिसळतो तो कॅन. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं. ते बदलायचं असतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं, एवढं सांगून पुढे जाते.

दुसरं घराणं हीरो होंडाचं. सीडी हंड्रेड आली १९८५ साली. त्याच वर्षी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि मराठवाड्यातल्या पोरांच्या हाताला पान्याची ओळख व्हायला लागली. सीडी हंड्रेडच्या जाहिरातीचा आशय होता: पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. आपल्या लोकांनी तो पेट्रोलच्या बाबतीत पाळलाच, ऑइलच्या बाबतीतही पाळला. आणि गाडी तरीही चालली. का चालली, याचं उत्तर त्या इंजिनाच्या उजव्या बाजूला झाकणाच्या आत आहे.

तिथे क्रँकच्या टोकावर एक वाटीसारखा भाग बसवलेला असतो. क्रँकबरोबर तोही फिरतो. क्रँककडे जाणारं ऑइल आधी या वाटीत जातं. वाटी गरगर फिरते तशी जड घाण बाहेरच्या कडेला फेकली जाते आणि तिथे चिकटून बसते. मधलं स्वच्छ ऑइल पुढे बेअरिंगकडे जातं. डेअरीत दुधाची साय यंत्राने वेगळी करावी, तसाच हा प्रकार. आपल्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर केंद्रोत्सारी बलाचं सूत्र लिहिलं होतं, ते इथे कामाला येतं. मिनिटाला सहा हजार फेरे म्हणजे सेकंदाला शंभर. वाटीची त्रिज्या समजण्यासाठी अडीच सेंटिमीटर धरा. कडेच्या कणावर पडणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे हजारपट भरतो. वेग निम्मा केला, तर जोर पाव होतो, तरीही अडीचशे पट राहतो. भांड्यात गढूळ पाणी ठेवल्यावर जो गाळ बसायला दिवस लागेल, तो इथे किती झटकन बसत असेल, विचार करा.

या रचनेतली खरी हुशारी अशी, की इथे ऑइलच्या वाटेत काहीही आडवं आलेलं नाही. जाळी, कापड, कागद काही नाही. घाण धरली जाते, पण प्रवाह अडत नाही. हा मुद्दा मनात ठेवा, बुलेटकडे गेल्यावर त्याची गरज पडेल.

मग याला सुधारणा काय करायची? नवीन काही बसवायचं नाही. आहे ते साफ करायचं. वाटीच्या कडेला वर्षानुवर्षं साठलेला गाळ काळ्या मेणासारखा घट्ट होतो. वाटी भरली की पुढची घाण धरायला जागा उरत नाही आणि ती सरळ बेअरिंगकडे जाते. कंपनीच्या पुस्तिकेत ही वाटी आणि तळाची जाळी ठरावीक अंतराने साफ करायला सांगितलेली असते. पण त्यासाठी ऑइल काढायचं, किक काढायची, उजवं झाकण उघडायचं, गॅस्केट नवीन घालायचं. गिऱ्हाईक म्हणतं, "राहू द्या मिस्त्री, नुसतं ऑइल बदला." मिस्त्रीही राहू देतो. असं दहा-पंधरा वर्षं राहतं. शिवाय या गाडीत इंजिन, क्लच आणि गिअर या तिन्हींना एकच लिटरभर ऑइल पुरतं. क्लचच्या प्लेटांचा चुरा आणि गिअरची कणी सगळी त्याच ऑइलात. म्हणून पिंपळगाव रेणुकाईच्या बाजाराला मिरचीची पोती घेऊन जाणाऱ्या, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या गाडीला ऑइल लवकर बदलावं लागतं. पुस्तिकेतला आकडा डांबरी रस्त्यावरच्या एकट्या माणसासाठी आहे असं समजा.

तिसरं घराणं बुलेटचं, आणि फिल्टरची टूम निघाली आहे ती मुख्यतः यांच्यासाठीच. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली. इंजिनाचा मूळ आराखडा इंग्लंडमधल्या रेडिचचा, १९४० च्या दशकाच्या अखेरचा. तेच ओतीव लोखंडी सिलिंडरचं इंजिन थोड्याफार फरकाने २००९-१० च्या सुमारापर्यंत आपल्याकडे बनत राहिलं. म्हणजे तुमच्या गोठ्यातल्या १९८५ च्या बुलेटला लागणारं ऑइल आजच्या काळातलं आहे, आणि त्या ऑइलची वाट स्वातंत्र्याच्या काळातली.

ती वाट अशी आहे. ऑइलचा हौद इंजिनाच्या ओतीव कवचातच, क्रँकच्या मागे, वेगळा कप्पा करून ठेवलेला. दोन पंप असतात: एक हौदातून ऑइल देणारा, दुसरा क्रँकखाली साठलेलं परत नेणारा. देणारा पंप ऑइल आधी फिल्टरच्या कप्प्यात ढकलतो. तिथे नमद्याचा फिल्टर असतो. घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो नमदा, जवळपास तीच जात. त्यातून गाळलेलं ऑइल क्रँकमधून बिग एंडला जातं. परतीचा पंप ऑइल वर काढतो, त्या परतीच्या वाटेवर रॉकरला तेल मिळतं, आणि शेवटी ते हौदात येतं.

जुन्या बुलेटच्या बिग एंडला रोलर नसतात. तिथे तरंगता बुश असतो, दोन्ही बाजूंनी ऑइलच्या थरावर पोहणारा. ऑइल मिळत राहिलं तर तो वर्षानुवर्षं टिकतो. थोडा वेळ कमी मिळालं, तर गेला. रोलर थोडी उपासमार सोसतो, बुश सोसत नाही. म्हणून बुलेटमध्ये पहिला प्रश्न "ऑइल किती स्वच्छ आहे" हा नाही. पहिला प्रश्न "ऑइल पोचतंय का" हा आहे. आधी वाहणं, मग गाळणं.

हे मी पुस्तकातून शिकले असते तर कदाचित इतकं ठासून सांगितलं नसतं. आप्पा गेल्यावर माझ्या भावाने त्यांची बुलेट चांगल्या हौसेने दुरुस्त करायला शहरातल्या एका गॅरेजला दिली. तिथे "आधुनिक गाळणी" म्हणून बिग एंडकडे जाणाऱ्या वाटेवर आणखी एक बारीक कागदी फिल्टर बसवून दिला. दिसायला सुंदर, चकचकीत. डिसेंबरच्या थंडीत, सकाळी घट्ट झालेलं ऑइल, जुना झिजका पंप, आणि पुढे एकाच्या जागी दोन फिल्टर. महिन्याभरात खालून ठक-ठक आवाज यायला लागला. इंजिन खोललं तर बुश काळानिळा पडला होता. ऑइल मात्र अगदी स्वच्छ होतं. आवाज ऐकून नुसत्या कानाने निदान केलं ते आपल्याच वर्गातल्या मित्राने, जो आज इथे मागच्या रांगेत बसलाय आणि ज्याने मला नाव घ्यायला मनाई केली आहे. आप्पांच्या गाडीचं मूळ क्रँक वाचलं ते त्याने ती पुढे एक किलोमीटरही चालवू दिली नाही म्हणून.

यामागचं गणित समजून घ्या. गाळणीची भोकं निम्मी केली, तर तेवढ्याच क्षेत्रफळातून तेवढंच ऑइल ढकलायला साधारण चौपट जोर लागतो. म्हणून बारीक गाळायचं तर गाळणीचं क्षेत्रफळ खूप वाढवावं लागतं. मोटारीच्या फिल्टरमध्ये कागदाच्या घड्या घातलेल्या असतात त्या यासाठीच. १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी मोटारीचा ऑइल फिल्टर काढला, तेव्हापासून चांगल्या फिल्टरमध्ये दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरत आल्या: पुरेसं क्षेत्रफळ, आणि फिल्टर तुंबला तर ऑइलला दुसरी वाट देणारी झडप. ही झडप उघडली की न गाळलेलं ऑइल जातं. घाण ऑइल थोडा वेळ चालतं, ऑइलच नसणं चालत नाही. होंडाने १९६९ च्या सीबी ७५० ला कागदी फिल्टर दिला, पण त्याबरोबर त्याला साजेसा पंपही दिला. आपण जुन्या पंपाला नुसता नवा फिल्टर जोडतो, तिथे घोटाळा होतो.

तेव्हा बाहेरचा फिल्टर कधीच बसवू नये का? तसंही नाही. ट्रायम्फ, बीएसए अशा जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या मूळ रचनेत नुसती जाळी होती, आणि त्यांचे मालक बाहेरून फिल्टर बसवतात. पण तो परतीच्या नळीवर. ऑइलने आपलं काम केलेलं असतं आणि ते हौदाकडे निघालेलं असतं, तेव्हा त्याला गाळायचं. तिथे थोडा अडथळा आला तरी बिग एंड उपाशी राहत नाही. पंपाच्या ओढण्याच्या बाजूला तर फिल्टर कधीच नको. बुलेटमध्ये अडचण अशी, की हौद कवचातच असल्याने परतीची मोकळी नळी बाहेर नाही. बाहेर दिसतात त्या रॉकरकडे जाणाऱ्या बारीक नळ्या. म्हणून बुलेटसाठी माझं मत स्पष्ट आहे: बाहेर काही जोडू नका. मूळ कप्प्यात बसणारे कागदी फिल्टर आता मिळतात. त्यांची लांबी मूळ फिल्टरशी नीट मोजून, बरोबर बसत असेल तर तो घाला, नाहीतर चांगला नमदा वेळच्या वेळी बदला. पैसे खर्च करायचेच असतील तर ते पंपावर करा. पंपाची तबकडी चरे पडून झिजली असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. ऑइलचा ओघ वाढला की गाळणं सुधारायला वाव मिळतो.

आता हाताने करायच्या गोष्टी सांगते. मित्राच्या गॅरेजमध्ये बसून आम्ही दोघांनी ही यादी केली. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या कुणालाही जमेल अशी आहे.

एक. इंजिन गरम असताना ऑइल काढा, म्हणजे गाळही बरोबर निघतो. बुलेटला ऑइल काढायचे नट एकापेक्षा जास्त आहेत. एकच उघडला तर क्रँकखालचं घाणेरडं ऑइल आतच राहतं आणि नव्यात मिसळतं.

दोन. बुलेट तीन-चार महिने उभी राहिली तर हौदातलं ऑइल पंपातून झिरपून क्रँकखाली जमतं. पट्टी पाहिली तर ऑइल कमी दिसतं. लोक वरून भरतात. मग किक मारली की सगळीकडे धूर आणि गळती. आधी खालचं काढा, मग मोजा.

तीन. फिल्टर काढताना वॉशर, स्प्रिंग, झाकण ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा आणि मोबाइलवर फोटो काढा. नवा फिल्टर घातल्यावर तो कप्पा ऑइलने भरेपर्यंत बिग एंडला ऑइल मिळत नाही. म्हणून सुरू करण्याआधी प्लगची वायर काढून किक सावकाश पुष्कळदा फिरवा, आणि सुरू केल्यावर पाच मिनिटं रेस न देता हळू चालू ठेवा. रॉकरला जाणाऱ्या नळीचा बोल्ट किंचित सैल केला की ऑइल झिरपलं पाहिजे. त्यावरून परतीचा पंप काम करतोय हे कळतं.

चार. पुसायला चिंध्या आणि सुताचा गुंता वापरू नका. आपण कापूस पिकवणारी माणसं, पण इंजिनात कापूस नको. त्याचे तंतू जाळीवर जाऊन बसतात. जाडसर, न सुटणाऱ्या कापडाचं धुतलेलं फडकं वापरा. झाकणाला सिलिकॉन थापू नका. बाहेर ओघळलेलं आपण पुसतो, आत ओघळलेलं तुटून जाळीत अडकतं.

पाच. ऑइल ओतायचं नरसाळं झाकून ठेवा. सुटं ऑइल घेऊ नका. हवेचा फिल्टर आणि त्याच्या रबरी नळ्या तपासा. फाटकी नळी म्हणजे कुंपणाला पडलेलं भगदाड. हल्ली आवाजासाठी मूळ डबा काढून उघडे, शंकूच्या आकाराचे फिल्टर लावतात. फुफाट्याच्या रस्त्यावर ते परवडत नाहीत.

सहा. बरीच वर्षं न खोललेल्या इंजिनात एकदम नव्या जातीचं, गाळ सोडवणारं ऑइल घातलं तर तळाचा जुना थर सुटून एकदम फिल्टरवर येतो. अशा वेळी पहिलं ऑइल चार-पाचशे किलोमीटरलाच बदला, फिल्टरही बदला.

आणि सातवी गोष्ट, जी मला सगळ्यात आवडते. काढलेलं ऑइल फेकण्याआधी वाचा. शाईच्या पेनाचे दिवस आठवतात? टीपकागद आठवतो? पट्टीवरचा ऑइलचा एक थेंब टीपकागदावर टाका आणि रात्रभर ठेवा. डाग मधून कडेपर्यंत सारखा पसरला तर ऑइल अजून घाण वाहून नेतंय. मध्ये काळाकुट्ट, ठळक कडेचा ठिपका राहिला तर ऑइल थकलं. उरलेलं ऑइल पांढऱ्या धोतराच्या तुकड्यातून गाळा आणि कापडावर लोहचुंबक फिरवा. चुंबकाला लागली ती गिअरची, रिंगची किंवा सिलिंडरची कणी. पिवळी चकाकी दिसली तर पितळी बुश. करडी, चुंबकाला न लागणारी पत्री दिसली तर पिस्टन किंवा बिग एंडचा मऊ धातू, आणि तेव्हा गाडी थांबवायची. प्रत्येक वेळी तारीख, किलोमीटर आणि काय दिसलं ते वहीत लिहा. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात यंत्र बिघडण्याआधी ते काय म्हणत होतं याची नोंद ठेवणं हे अर्धं काम असतं. मित्राच्या गॅरेजात आता अशी एक दोनशे पानी वही आहे. त्याचं अक्षर शाळेत होतं तसंच आहे, पण नोंदी पक्क्या आहेत.

एक शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या सगळ्यांसाठी आहे, गाडी असो वा नसो. बुलेटमधून दर वेळी दोन लिटरच्या वर ऑइल निघतं, सीडी हंड्रेडमधून लिटरभर. गावातल्या सगळ्या गाड्यांचं वर्षाचं ऑइल मनात मोजा. ते कुठे जातं? थोडं दाराच्या चौकटीला वाळवीसाठी लावलं जातं, बाकीचं गॅरेजमागच्या नालीत, आणि पावसाळ्यात ओढ्यात. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, आणि ते घेऊन पुन्हा शुद्ध करणारे परवानाधारक लोक असतात. एकेका गॅरेजवाल्याकडे ते येत नाहीत, कारण माल थोडा. सगळ्यांचा मिळून बॅरल भरला तर येतील. टँकरने पाणी आणलेले उन्हाळे आपण पाहिलेत. त्या गावाने आपल्याच विहिरीजवळ ऑइल ओतू नये.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली: गावातल्या गॅरेजवाल्यांना आपल्या बॅचतर्फे झाकणाचे दोन बॅरल घेऊन देऊ. भरल्यावर उचलायची व्यवस्था मी आणि मित्र मिळून लावतो. दुसरी: शाळेच्या प्रयोगशाळेला भंगारातलं एक सीडी हंड्रेडचं इंजिन देऊ. नववी-दहावीच्या मुलामुलींनी ते उजवं झाकण आपल्या हाताने उघडावं, वाटीतला काळा गाळ नखाने खरवडून पाहावा आणि मग फळ्यावरचं सूत्र वाचावं. मुलींनीसुद्धा. आमच्या वेळी गाडी पुसण्यापुरतीच मुलींच्या वाट्याला यायची. पुसण्यापलीकडे बरंच आहे, हे त्यांना शाळेतच कळू दे.

सर, बाई, तुम्ही आम्हाला शिकवलंत, की उत्तर बरोबर आलं तरी रीत लिहिल्याशिवाय गुण मिळत नाहीत. नवा फिल्टर हे विकत मिळणारं उत्तर आहे. तेलाची वाट समजून घेणं ही रीत. जिला रीत कळली त्या गाडीला फिल्टर कुठला घालायचा ते आपोआप कळतं, आणि ज्याला वाट कळली नाही त्याच्या इंजिनाची वाट लागते.

जेवणानंतर मित्राचं गॅरेज उघडं आहे. ज्यांनी जुन्या गाड्या आणल्यात त्यांनी तिकडे या. टीपकागद मी आणलाय.